स्कुबा करताना तोंड खारट होत असेल तर

समुद्रात ओठ ओले होणार, म्हणजे थोडी खारट चव लागणारच. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात थेंब येत असतील, किंवा वर आल्यावर बाटलीभर पाणी पिऊनही चव हटत नसेल, तर पाणी कुठून तरी आत शिरलेलं असतं. आधी ती वाट बंद करायची, चव घालवण्याचे उपाय नंतर. मालवणला आमच्याकडे डायव्हिंगसाठी येणाऱ्या पाहुण्यांनी बोटीत बसण्याआधी हे वाचून घ्यावं.

चव चिकटून का राहते

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे चमचाभर पाणी तोंडात गेलं, तर त्यात पाव ग्रॅमही मीठ नसतं. एरवी एवढं मीठ लाळेबरोबर निघून जातं. पाण्याखाली लाळच आटलेली असते. सिलिंडर आतून गंजू नये म्हणून हवा भरतानाच तिच्यातला ओलावा काढून टाकतात. अशी कोरडी हवा सतत तोंडाने घेतली की जीभ आणि टाळू सुकतात. म्हणून डाइव्हच्या आधीच्या दोन तासांत साधारण अर्धा लिटर साधं पाणी थोडं थोडं करून प्या. निघताना एकदम पिऊ नका, बोट हलायला लागली की मळमळतं.

पाणी कुठून येतं

जिभेच्या शेंड्याला आणि ओठांच्या आत खारट लागत असेल, तर बहुतेक वेळा पाणी माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या रबरी भागाच्या, बाजूने येतं. घशाच्या मागे खारट लागत असेल, तर ते मास्कमधून नाकावाटे उतरतं. हा फरक लक्षात ठेवलात, तर इन्स्ट्रक्टरला नेमकं सांगता येईल.

माउथपीसची पसरट कड ओठ आणि हिरड्या यांच्या मधे बसली पाहिजे, आणि आतले दोन रबरी दट्टे दातांत हलकेच धरायचे. घाबरलेला माणूस दट्टे करकचून चावतो. पाचेक मिनिटांत जबडा दुखायला लागतो, ओठ सैल पडतात आणि कोपऱ्यातून पाणी झिरपतं. दात सैल, ओठ घट्ट, हे ध्यानात असू द्या. दुसरं कारण कॅमेरा! व्हिडिओ काढताना हसू येणं साहजिक आहे, पण हसलं की ओठांचे कोपरे उघडतात आणि गालावरच्या घड्यांमधून मास्कमध्येही पाणी जातं. कॅमेऱ्याकडे बघून हाताने खूण करा, हसणं बोटीवर होऊ द्या.

कधी दोष उपकरणात असतो. माउथपीस केबल टायच्या खाली चिरलेला असतो. वरून बघून ते कळत नाही, वाकवून बघावं लागतं. श्वास बाहेर सोडणाऱ्या पातळ रबरी व्हॉल्व्हखाली वाळूचा कण अडकला, तर तो पूर्ण मिटत नाही. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण, माउथपीस यालाच असतो) किनाऱ्यावरच्या वाळूत कधीही टाकू नये तो यासाठीच. तपासणी सोपी आहे : सिलिंडर बंद, नळीत दाब नाही, अशा वेळी रेग्युलेटर तोंडात धरून हलकेच हवा ओढायची. हवा अजिबात येता कामा नये. आली, तर कुठेतरी फट आहे. बोट सुटण्याआधी आम्ही हे करतो. तुमच्यासमोर करून दाखवा म्हणालात तरी चालेल.

डोकं खाली, पाय वर करून प्रवाळ बघायला गेलात, तर चांगल्या रेग्युलेटरमध्येही थोडं पाणी साचतं, कारण तो व्हॉल्व्ह हनुवटीच्या बाजूला असतो. चेहरा सरळ केलात आणि श्वास सोडलात की ते निघून जातं.

मिशीमुळे मास्क नाकाखाली नीट बसत नाही. नाकपुडीखालची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी काढली तरी बराच फरक पडतो. मास्कला व्हॅसलीन लावू नका. केसांची एखादी बट कडेखाली आली, तरी मास्क गळतो.

पाण्याखाली काय करायचं

तोंडात पाणी आलं, तर गिळू नका आणि रेग्युलेटरही काढू नका. रेग्युलेटरमध्येच 'टू' म्हणत जोरात श्वास सोडा. छातीत हवा उरली नसेल, तर जिभेचा शेंडा टाळूला लावून रेग्युलेटरच्या पुढचं पर्ज बटण (हवेच्या झोताने पाणी बाहेर ढकलणारं) क्षणभर दाबा. जीभ आडवी असल्यामुळे पाणी घशात उडत नाही. त्यानंतरचा पहिला श्वास सावकाश घ्या. खोकला आला तर रेग्युलेटर हाताने धरून त्यातच खोका. पुन्हा पुन्हा पाणी येत असेल, तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवा आणि तोंडाकडे बोट करा. अंगठा वर करू नका, त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो.

वर आल्यावर

आधी पिऊ नका, आधी चूळ भरा. पहिलाच घोट गिळलात, तर तोंडातलं मीठ पोटात जाऊन मळमळ वाढते. गोड्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा, बोटाने जीभ चोळा, एक गुळणी करा, मग पाणी प्या. नाकातलं पाणी खाली वाकून वाहू द्या. नाक शिंकरायचंच झालं, तर एकेक नाकपुडी, हलक्या हाताने. जोर लावला तर कानावर ताण येतो. त्यानंतर शहाळं किंवा मीठ न घातलेलं कोकम सरबत उत्तम. सोलकढीत मीठ असतं, ती जेवणाबरोबर घ्या. खडीसाखर चघळली की लाळ सुटते आणि उरलेली चव जाते. पण पाण्यात उतरताना तोंडात खडीसाखर, च्युइंगम, तंबाखू, काहीही नको. घशात अडकू शकतं.

चव खारट नसेल तर

साबणासारखी चव म्हणजे माउथपीस निर्जंतुक केल्यावर नीट धुतला गेला नाही, लगेच सांगा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला, तर त्या सिलिंडरवर एक मिनिटही थांबू नका, इन्स्ट्रक्टरला वर जायची खूण करा. खारट चवीला लोखंडासारखी झाक असेल किंवा मास्कमध्ये गुलाबी पाणी दिसलं, तर ते नाकातलं रक्त आहे. नाकाच्या आतल्या पोकळ्यांतला दाब बाहेरच्या दाबाशी नीट समान न झाल्यामुळे ते येतं. त्या दिवशी दुसरा डाइव्ह नको.

पाणी श्वासात गेलं असेल आणि नंतर काही तासांत खोकला, धाप, थंडी वाजणं, अंगदुखी सुरू झाली, तर सर्दी-ताप समजून घरी झोपू नका. डॉक्टरकडे जा आणि डायव्हिंग केलं होतं, समुद्राचं पाणी श्वासात गेलं होतं, हे आधी सांगा.