जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा : बिघाड आणि तपासणी

पेट्रोलचा काटा म्हणजे टाकीत किती पेट्रोल उरलंय ते डॅशबोर्डवर दाखवणारं मीटर. अँबॅसडर, पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी जीप असल्या गाड्यांमधे लवकर बिघडणाऱ्या वस्तूंत हे मीटर हमखास असतं, आणि कोकणात तर जास्तच. अँबॅसडर बंगालात उत्तरपाड्याला १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत होती, पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, ती तर २००० च्या आसपासच बंद झाली, म्हणजे आज चालणारी प्रत्येक गाडी वयस्करच. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या चाकरमान्यांबरोबर यातल्या कितीतरी गाड्या कोकणात आल्या आणि आता पडवीला लागून पत्र्याच्या शेडमधे नाहीतर मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, उभ्या असतात. खारा वारा, चार महिने पाऊस, आणि गणपती नि मे महिना सोडला तर गाडी जागची हलत नाही. यात सगळ्यात आधी मार खातात त्या वायरींच्या जोडण्या, म्हणून किनाऱ्यावर काटा बिघडला की मीटर सगळ्यात शेवटी उघडायचं, सुरुवात टाकीपासून करायची.

यंत्रणा अगदी साधी आहे. टाकीत एक युनिट असतं, त्याच्या दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पितळेचा पोकळ डबा किंवा प्लास्टिकचा ठोकळा, फार जुन्या गाडीत बुचाच्या लाकडाचा सुद्धा. पेट्रोल कमीजास्त झालं की फ्लोट खालीवर होतो, दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतं आणि त्याप्रमाणे रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो. युनिटपासून एक वायर मीटरला जाते आणि सर्किट पुरं होतं ते टाकीच्या पत्र्यातून, बॉडीतून. म्हणजे टाकीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यामधे गंज आला की अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतून परतायची वाट, गेलं, मग बाकी सगळं नवंकोरं असलं तरी काटा खोटाच दाखवणार.

मीटर दोन जातींचं असतं आणि आपल्या गाडीत कुठलं ते आधी ओळखायला हवं, कारण दोघांचं वागणं बरोबर उलटं असू शकतं. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, दहावीस सेकंद घेत वर चढला तर ते गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचं मीटर. चटकन उडी मारून जागेवर आला तर कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातल्या चुंबकत्वावर चालणारं. पट्टीच्या मीटरमधे युनिटची वायर तुटली की काटा रिकामी टाकी दाखवतो आणि वायर बॉडीला टेकवली की भरलेली. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच कॉइल मीटरमधे हेच उलट होतं, वायर सुटली की टाकी भरलेली दिसते, आणि अर्थिंग खराब झालं की असतं त्याहून जास्त पेट्रोल दिसतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण माणूस काट्यावर भरवसा ठेवून निघतो.

तपासणी अशी करायची. डिकीतली चटई किंवा पाट बाजूला करून टाकीवरचं युनिट शोधायचं, काही गाड्यांत ते खालून दिसतं. वायर काढायच्या आधीच एक काम करायचं, एक लांब वायर घेऊन तिचं एक टोक युनिटच्या धातूच्या अंगाला आणि दुसरं चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी धरायचं. काटा ताळ्यावर आला तर दुखणं अर्थिंगचं आहे, नवीन युनिट आणायची काहीएक गरज नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांत मला हेच सगळ्यात जास्त दिसलंय, स्क्रू सोडवला की खाली तांब्याच्या वायरला हिरवट पांढरी बुरशीसारखी पावडर धरलेली असते आणि वॉशर तर चिमटीत घेतला की चुरा होतो. ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासायची, नवा दातेरी वॉशर घालून घट्ट आवळायची आणि वरून व्हॅसलीन लावायचं. व्हॅसलीन घासण्याआधी लावलं तर काही उपयोग नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर युनिटची वायर काढायची आणि चावी चालू ठेवून काट्याकडे बघायचं, मग ती वायर बॉडीला टेकवायची आणि काटा दुसऱ्या टोकाला जातो का बघायचं, टाकीच्या झाकणापासून लांब आणि फक्त काटा पोचेपर्यंतच, पट्टीचं मीटर जास्त वेळ तसं ठेवलं तर खराब होतं. दोन्ही वेळा काटा नीट हलला तर मीटर आणि वायर ठीक, बिघाड युनिटमधे. अजिबात हलला नाही तर फ्यूज बघायचा आणि चटईखालून पुढे जाणारी वायर पूर्ण हाताने चाचपायची, मांगरात उभ्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायर हे काही नवल नाही, आणि दाराचं रबर गेलेलं असलं तर पावसाचं पाणी नेमकं जोडावरच मुरतं. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटरबरोबर काटा नाचत असेल तर डॅशबोर्डाच्या मागचं अर्थिंग ढिलं. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदमच चुकायला लागले तर संशय व्होल्टेज स्टॅबिलायझरवर घ्यायचा, ब्रिटिश पद्धतीच्या मीटरांना तो सरासरी १० व्होल्ट देतो, बिघडून पूर्ण १२ जायला लागले की दोन्ही काटे वर चढतात. एक गोष्ट कधीच करायची नाही, टाकीतल्या युनिटला बॅटरीचा थेट करंट द्यायचा नाही. आत पेट्रोलची वाफ असते.

युनिट काढायचं तर टाकी शक्य तेवढी रिकामी करून, बॅटरीची वायर सोडून, उघड्यावर. युनिट टाकीवर आवळून धरणारी रिंग अडकली असेल तर लाकडी किंवा पितळी ठोकणीने हलवायची, लोखंडाने नको, ठिणगी उडते. बाहेर काढल्यावर आधी फ्लोट कानाशी हलवायचा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला भोक आहे, तो बुडतो म्हणून काटा खालीच. भोक सापडत नसेल तर शेगडीपासून लांब गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. भोक बुजवायला डाग (सोल्डर) द्यायच्या आधी आतलं पेट्रोल संपूर्ण बाहेर यायलाच पाहिजे. मग युनिटला मल्टिमीटर (रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) लावून दांडी हळूहळू खालून वर न्यायची, आकडा एकसारखा बदलायला हवा. मधेच उडाला तर तार तिथे झिजलीय, आणि ती बहुतेक पाव टाकीच्या आसपासच झिजते, कारण आपल्याकडे पाचशेचं पेट्रोल टाकून गाडी चालवायची सवय. तारेवर पॉलिश पेपर मारू नये, ती केसासारखी बारीक असते, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. आमच्या गाडीत पावसाळ्यानंतर दांडीच चिकटली होती, काटा अर्ध्यावर म्हणून तवसाळहून फेरीबोटीने निर्धास्त पलीकडे गेलो आणि जयगडचा चढ चढताना गाडी बंद पडली.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुन्यांना नवीन त्रास दिलाय. बुचाच्या फ्लोटवर लाखेचा थर असेल तर तो इथेनॉलमधे विरघळतो, जुन्या रबरी गॅस्केट फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं दमट पाणी शोषतं ते टाकीच्या तळाशी बसून गंज धरतं. गॅस्केट बदलताना नायट्राइल रबराचं मागायचं.

सगळं जोडून झालं की काटा जुळवायचा. रिकाम्या टाकीत पाच पाच लिटर ओतत गाडी सपाटीवर उभी ठेवून बघायचं, काटा सगळीकडे सारखाच चुकत असेल तर दांडी किंचित वाकवून पुन्हा बघायचं. परशुराम किंवा कशेडी घाटात दिसलेलं माप धरू नये, चढाला पेट्रोल टाकीत मागे सरकतं. टाकीचा नळा सरळ असेल तर याच वेळी माडाचा एक सरळ हीर, म्हणजे झावळीच्या पात्यातली काडी, तासून घ्यायचा, दर पाच लिटरला टाकीत बुडवून ओला झालेल्या जागी ब्लेडने खूण करायची, आणि काटा पुन्हा बिघडला तर माप बघायला तो स्टेपनीच्या मागे ठेवून द्यायचा.