खाणीच्या भिंतीवर उमललेला मोरचूद

शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, पाहिला नाही असा माणूस विरळाच. बरणीतले ते निळेभोर खडे कारखान्यातून येतात, पण तोच पदार्थ जमिनीखाली आपला आपणही तयार होतो. खनिज म्हणून त्याचं नाव कॅल्कँथाइट. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'तांब्याचं फूल'. जुन्या तांब्याच्या खाणीत हे नाव लगेच पटतं: बोगद्याच्या भिंतींवर, टेकू दिलेल्या लाकडांवर कुठे निळा पापुद्रा धरलेला, कुठे केसांसारखे कुरळे तंतू बाहेर आलेले.

कॅल्कोपायराइटसारख्या तांबं-गंधकाच्या खनिजांना हवा आणि ओल लागली, की त्यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि कॉपर सल्फेट पाण्यात उतरतं. ते पाणी झिरपत भिंतीवर येतं, सुकतं आणि मागे निळाई उरते.

या निळाईतही पाण्याचाच वाटा मोठा आहे. खनिजाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणी असतं, तांबं जेमतेम २५ टक्के. तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू असतात. पाचवा जरा बाजूला, सल्फेटला धरून. या रचनेत तांबं प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग शोषून घेतं, म्हणून आपल्याला खडा निळा दिसतो. परीक्षानळीत तो तापवा: पाणी उडून जातं आणि पांढुरकी भुकटी उरते. गार झाल्यावर थेंबभर पाणी टाका, निळा रंग परत हजर! (चव मात्र घेऊ नका, पदार्थ विषारी आहे.)

पाण्यात इतक्या सहज विरघळणारं खनिज पावसाळी मुलखात उघड्यावर टिकणार कसं? त्याचे मोठे साठे सापडतात ते रखरखीत प्रदेशात. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, चुकिकामाता इथे तर ते तांब्याचं धातुक म्हणून खणलं गेलं. १ ते १० अशा मोह्स मापावर त्याचं काठिण्य २.५, म्हणजे साधारण नखाइतकंच. दागिन्यांच्या कामाचं नाही. संग्राहकांना विकले जाणारे टपोरे, चकचकीत स्फटिक बहुतेकदा माणसानेच भांड्यात वाढवलेले असतात. ते वाढवणं फारच सोपं आहे.

खाणीतल्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर त्यावर तांबूस थर चढतो. लोखंड द्रावणात जातं, तांबं बाहेर पडतं. अकराव्या शतकात, सोंग राजवटीच्या काळात, चीनमध्ये असं पाणी लोखंडाच्या पत्र्यांवर सोडत, जमलेलं तांबं खरवडून वितळवत आणि त्याची नाणी पाडत.