वैद्यकीय लोकनिधी

शस्त्रक्रियेचा वा दीर्घ उपचाराचा खर्च न झेपणाऱ्या रुग्णासाठी जाहीर आवाहन करून, बहुधा आंतरजालावरील मंचामार्फत, अनेकांकडून लहानमोठ्या रकमा जमवण्याची पद्धत.

तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ती १८८५ पर्यंत मागे नेतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी रखडला, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी ‘द वर्ल्ड’ या आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि देणगी कितीही छोटी असली तरी देणाऱ्याचे नाव छापले. काही महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक जमले. बहुतेक देणग्या एक डॉलरच्या आतल्या होत्या. दात्यांची जाहीर यादी हे साम्य खरे, पण तो निधी वास्तूसाठी होता. दुसरा पक्ष १९९७ कडे बोट दाखवतो: त्या सुमारास ‘मॅरिलियन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी अमेरिका दौऱ्यासाठी आंतरजालावरून सुमारे ६०,००० डॉलर उभे केले. उपचारांपुरते बोलायचे तर शिकागोतील ‘गिव्हफॉरवर्ड’ (२००८) व नंतरचे ‘गोफंडमी’ (२०१०) या मंचांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

सर्जनशील प्रकल्पांच्या मंचांवर लक्ष्य पूर्ण न झाल्यास एक पैसाही न देण्याचा नियम आढळतो. शस्त्रक्रिया थांबू शकत नसल्याने वैद्यकीय मंच सहसा जमेल तेवढी रक्कम देतात. ती आवाहनकर्त्याच्या खात्यात जाते किंवा थेट रुग्णालयाकडे. ‘वॉट्सी’ (२०१२) ही संस्था एकेका रुग्णाच्या उपचाराचा खर्च स्वतंत्र मांडून पैसे उपचार करणाऱ्या संस्थेला देते. गैरवापर टाळण्यास ही रीत उजवी.

यशाचे प्रमाण मात्र समजुतीहून बरेच कमी आहे. ‘गोफंडमी’वरील २०१६–२० या काळातील चार लाखांहून अधिक अमेरिकी वैद्यकीय आवाहनांच्या अभ्यासात जेमतेम १२ टक्क्यांनी लक्ष्य गाठले. गरजेपेक्षा कथनकौशल्य व ओळखींचे जाळे यांना जास्त फळ मिळते, हा आक्षेप त्यामुळे बळकट होतो. २०१८ मधील एका पाहणीत मेंदू व मज्जारज्जूच्या इजांसाठी मूलपेशी, कर्करोगासाठी होमिओपॅथी अशा अप्रमाणित उपचारांकरिता हजारावर आवाहने सापडली. शिवाय निदान, छायाचित्रे व घरची परिस्थिती उघड करावी लागते. रुग्ण अल्पवयीन किंवा बेशुद्ध असल्यास त्याची संमती हा प्रश्न उरतोच. रुग्ण दगावल्यास शिल्लक रकमेची विल्हेवाट मंचाच्या नियमांनुसार लागते.