बँकेतला कारकून, शहराचा वास्तुकार

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरात जुनी, देखणी इमारत दिसली की ती कर्टलँड कटरची असण्याची शक्यता मोठी. हा माणूस १८८६ मध्ये तिथे आला तेव्हा २६ वर्षांचा होता. न्यूयॉर्कला चित्रकला शिकलेला, वास्तुकलेची पदवी नाही. काका बँकेत, म्हणून तोही बँकेत कारकून म्हणून लागला.

गावाचं नाव तेव्हा स्पोकॅन फॉल्स. ज्या धबधब्यापाशी स्पोकॅन जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सॅमन मासे धरत आले, त्याच्याच काठावर लाकडी दुकानांची दाटी झाली होती. १८८१ मध्ये रेल्वे आली आणि पुढे शेजारच्या आयडाहोतल्या खाणींमधून चांदी-शिशाचा पैसा आला. ४ ऑगस्ट १८८९ ला पेठेला आग लागली. नळाला दाब नव्हता. आग अडवायला इमारती सुरुंग लावून उडवल्या, तरी तीसेक ब्लॉक जळालेच. नवी पेठ विटा-दगडांची बांधायची ठरली आणि कटर, जो एव्हाना वास्तुकार झाला होता, व त्याचा या धंद्यातला भागीदार जॉन पोएट्झ यांच्याकडे कामांची रीघ लागली.

१८९३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनातलं आयडाहोचं दालन कटरचंच. अख्ख्या ओंडक्यांचं, तीन मजली. नव्याने वसणाऱ्या गावात राहणाऱ्याला लाकडाची भाषा किती अवगत होती, हे मला त्यात सर्वाधिक जाणवतं. त्याच वर्षी मंदी आली. शहराचे जनक म्हणवले जाणारे जेम्स ग्लोव्हर यांच्यासाठी त्याने दगडी वाडा बांधला होता. तो त्यांच्या हातून गेला. नंतरची घरं खाणमालकांची: पॅट्सी क्लार्क, अमासा कॅम्पबेल. कॅम्पबेलचं घर बाहेरून जुन्या इंग्लिश धाटणीचं, आतला दिवाणखाना मात्र फ्रेंच थाटाचा, सोनेरी.

या काळात कार्ल माल्मग्रेन त्याचा भागीदार होता. श्रेय एकट्या कटरला देण्याची सवय पडली आहे, ती सोडायला हवी. १९११ च्या मनरो स्ट्रीट पुलाची सजावट या दोघांच्या कचेरीची. कठड्यालगतच्या छोट्या मंडपांवर काँक्रीटमध्ये घडवलेल्या रानगव्यांच्या कवट्या आजही दिसतात. १९१४ मध्ये त्यांनीच आखलेलं डेव्हनपोर्ट हॉटेल उघडलं.

मग कामं आटली, देणी वाढली. १९२३ मध्ये, साठी उलटल्यावर, कटर कॅलिफोर्नियात लाँग बीचला गेला आणि तिथे स्पॅनिश वळणाची घरं आखू लागला. १९३९ मध्ये तिथेच तो वारला.