अल्पऑक्सिजन अवस्था आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील पेशीमृत्यू

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी पडला की पेशीच्या नियोजित मृत्यूशी (ॲपॉप्टोसिस) निगडित प्रथिनांचे प्रमाण बदलते. गाठ वाढते त्या वेगाने रक्तवाहिन्या वाढत नाहीत आणि रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे ऑक्सिजन जेमतेमच पोहोचतो. खरे तर आतड्याच्या अस्तराला ही टंचाई नवी नाही. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, त्यामुळे निरोगी अस्तरातील वरच्या पेशीही कमी ऑक्सिजनवरच जगतात.

टंचाईची वर्दी देणारे मुख्य प्रथिन हिफ-१. अमेरिकी संशोधक ग्रेग सेमेन्झा यांना ते एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) जनुकाचा अभ्यास करताना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस सापडले. ऑक्सिजन पुरेसा असताना त्याच्या अल्फा घटकाला हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, व्हीएचएल प्रथिन त्याला ओळखते आणि त्याचा नाश होतो. ऑक्सिजन घटला की ही खूण पडत नाही. मग अल्फा घटक साठतो, केंद्रकात जातो आणि शेकडो जनुके चालू करतो. या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी मरणार की तगणार, हे बरेचसे बीसीएल-२ कुलातील प्रथिने ठरवतात. बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल मृत्यू रोखतात. बॅक्स तंतुकणिकेच्या (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या) बाह्य पटलाला छिद्रे पाडते आणि बिड त्याला चेतवते. आतड्याच्या कर्करोगपेशींवरील २००४ च्या एका अभ्यासात कमी ऑक्सिजनमध्ये बिड आणि बॅक्स दोन्ही घटल्याचे दिसले. बिडची घट हिफ-१ मुळे होती, बॅक्सची मात्र त्याच्याशिवाय. म्हणजे हिफ-१ रोखणारे औषध मिळाले तरी निम्मेच काम होईल. ही प्रथिने घटल्याने पेशी रसायनोपचाराला कमी दाद देतात.

हिफ-१ नेहमी जीवच वाचवते असे नाही. बीएनआयपी-३ हे मृत्यूकडे ढकलू शकणारे प्रथिनही तेच वाढवते. पण आतड्याच्या अनेक गाठींत बीएनआयपी-३ चे जनुक मिथिलीकरणाने (डीएनएवर रासायनिक खूण बसून) आधीच बंद पडलेले असते. सूक्ष्मोपग्रह-अस्थिर गाठींत (ज्यांत डीएनएच्या पुनरावृत्त तुकड्यांतील चुका दुरुस्त होत नाहीत) तर बॅक्सच्या जनुकातील सलग आठ ग्वानिनच्या (डीएनएच्या एका अक्षराच्या) पट्ट्यात चूक होऊन ते वारंवार निकामी होते. या बिघाडाला ऑक्सिजनची टंचाई लागत नाही.