नॅनोइमल्शन आणि हिवतापाची तोंडावाटे द्यायची औषधे

तेलात विरघळवलेल्या औषधाचे साधारण 20 ते 200 नॅनोमीटर व्यासाचे थेंब पाण्यात विखुरले, की नॅनोइमल्शन तयार होते. हिवतापावरील काही महत्त्वाची औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी हा मार्ग अजमावला जातो.

गरज कळते ती आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या हिवतापावरील जोडऔषधावरून. प्रौढाला एका वेळी 80 मि.ग्रॅ. आर्टिमेथर व 480 मि.ग्रॅ. ल्युमेफॅन्ट्रिन, अशा 3 दिवसांत 6 मात्रा देतात. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास ल्युमेफॅन्ट्रिनचे शोषण उपाशीपोटीच्या तुलनेत सुमारे 16 पट, तर आर्टिमेथरचे दुपटीहून अधिक होते. पण तापाने फणफणलेल्या, ओकाऱ्या होणाऱ्या मुलाला जेवण जात नाही. म्हणून स्निग्धांश औषधातच घालायचा. मात्र 1.2 ग्रॅम स्निग्धांशाचे 36 मि.लि. सोया दूधही ल्युमेफॅन्ट्रिनच्या शोषणाला जवळजवळ पुरते. तेव्हा नव्या पायसाची (म्हणजे इमल्शनची) तुलना या वाटीभरही नसलेल्या दुधाशी व्हायला हवी; उपाशीपोटी दिलेल्या गोळीशी केलेली तुलना फसवी ठरते.

तयारीची सुरुवात विद्राव्यतेपासून होते. प्रत्येक तेलात जादा औषध टाकून 48 ते 72 तास हलवतात, न विरघळलेला भाग सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) काढतात व विरघळलेले मोजतात. ल्युमेफॅन्ट्रिन अल्कधर्मी असल्याने त्याच्यासाठी ओलेइक आम्लासारखे मेदाम्ल तपासण्याजोगे असते. नंतर तेल आणि ट्वीन 80 सारख्या पृष्ठसक्रियकाचे (तेल-पाणी मिसळून ठेवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचे) मिश्रण 1:9 पासून 9:1 पर्यंतच्या प्रमाणांत घेऊन त्यात थेंबाथेंबाने पाणी घालतात आणि कोणत्या प्रमाणाला पायस पारदर्शक किंवा निळसर झाक असलेले राहते ते टिपतात. पृष्ठसक्रियकाला मदत करणारा सहपृष्ठसक्रियक म्हणून पीईजी 400 किंवा ट्रान्सक्युटॉल हे द्रावक चालतात. थेंब बारीक करणाऱ्या उच्चदाब होमोजिनायझर यंत्रातून काढताना मिश्रण तापते, म्हणून आर्टिमेथर असेल तर थंडावा ठेवावा लागतो.

बिघाड बहुधा तीन ठिकाणी होतो. लहान थेंबांतले तेल पाण्यातून मोठ्या थेंबांकडे सरकते व कण वाढतात. पाण्यात अगदीच न विरघळणारे लांब साखळीचे तेल थोडे मिसळल्यास हे मंदावते. ट्वीनमधील पेरॉक्साइड अशुद्धी साठवणीत औषधाचे ऑक्सिडीकरण करू शकते, तर लोहाचा अंश आर्टिमेथरच्या रेणूतील पेरॉक्साइड सेतू (दोन ऑक्सिजन अणूंची जोडणी) तोडतो, आणि तो सेतू गेला की औषधाची परिणामकारकताच जाते. तिसरा बिघाड आतड्यातला: तेलाचे पचन झाल्यावर औषध पुन्हा स्फटिकरूपात खाली बसते. कणाचा आकार कितीही देखणा असो, पचनचाचणीत (प्रयोगशाळेत केलेल्या आतड्यातील पचनाच्या नकलेत) औषध विरघळलेले राहिले नाही तर सूत्र बाद समजावे.

मोठी अडचण मात्र साध्या हिशेबाची आहे. तेल व पृष्ठसक्रियकाच्या मिश्रणाच्या ग्रॅमला 50 मि.ग्रॅ. ल्युमेफॅन्ट्रिन विरघळते असे धरले, तरी एका मात्रेला जवळपास 10 ग्रॅम मिश्रण लागेल. इतका पृष्ठसक्रियक पोटाला सोसवत नाही आणि कॅप्सूलमध्येही मावत नाही. कमी मात्रेच्या औषधांना ही पद्धत जास्त जुळते. मुंबईत तयार झालेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रायमाक्वीन या हिवतापावरील औषधाच्या नॅनोइमल्शनने उंदरांमध्ये 25 टक्के कमी मात्रेतही परिणाम दाखवला आणि औषध यकृतात अधिक साठले. हिवतापाच्या प्लास्मोडियम व्हायवॅक्स या जातीचे सुप्त परजीवी यकृतातच दडतात, त्यामुळे ही दिशा मोलाची आहे.

शोषण वाढले की विषारी परिणामही वाढू शकतो. हॅलोफॅन्ट्रिन हे हिवतापावरील दुसरे औषध स्निग्ध अन्नासोबत घेतल्यास रक्तातील पातळी उसळते व हृदयाच्या विद्युत आलेखातील (ईसीजीतील) क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यागणिक हृदयाच्या विद्युत क्रियेला लागणारा वेळ, धोकादायकरीत्या लांबते. म्हणून नॅनोइमल्शनमध्ये जुनी मात्रा जशीच्या तशी घेत नाहीत. ती रक्तातील पातळी मोजून नव्याने ठरवावी लागते.