बेळगावात घरं कुठं गेली आणि हायवे कसा तुंबला, थोडी मागची गोष्ट

हायवेवरनं गोव्याच्या रस्त्याला जोडणारा, शेतातनं जाणारा हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड यावरनं आपल्या बेळगावात इतकं रान पेटलंय, मोर्चे झाले, कोर्टात स्थगिती झाली, पोलीस बंदोबस्तात जेसीबी शेतात उतरले, पण या सगळ्यात एका गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही, की एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्याच कुठनं. माझं म्हणणं असं आहे की रस्ता अपुरा पडला हे खरं, पण त्याच्या आधी घरं भलत्या जागी गेली. ते कसं झालं ते समजायला जरा मागं जावं लागतं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, मग कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी वसली, आणि गावाची पेठ होतीच. शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात, म्हणजे राज्यच वेगळं, पण चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत तिकडं. १९०१ ला बेळगावची लोकसंख्या होती ३६,८७८. एवढ्या गावात कुणाला कशाला गाडी लागणार. शहापूर, वडगाव, खासबाग इकडं विणकरांची घरं, माग घरातच, पुढं मशीनचे माग आले तरी बऱ्याच जणांचे ते पण घरातच. सकाळी उठलं की कामावर हजर. वाहतुकीचं बोलताना ही गोष्ट आपण विसरतो, घर आणि काम एकाच छपराखाली असलं की रस्त्यावर एक पण फेरी वाढत नाही.

त्याच्या आधीच, १८८० च्या दशकात, सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन आली, आणि पुढची वाढ त्या लाईनीच्या दोन्ही बाजूला धरून झाली. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते आजच्या टिळकवाडीत, काँग्रेस रोड हे नाव त्यावरनंच. टिळकवाडी, हिंदवाडी या वसाहती बघा, सरळ रस्ते, मध्ये झाडं, शाळा हाकेच्या अंतरावर, स्टेशन जवळ, सायकलवर सगळं गाव फिरून व्हायचं. एकच त्रास, लाईन मध्ये. म्हणून पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही नावं आपल्या तोंडात बसलीत. आता त्यातल्या तिसऱ्या गेटावर पूल झालाय, कपिलेश्वर, गोगटे सर्कल इथं पण पूल आहेत, पण गेटावर उभं राहून रेल्वेची वाट बघण्यात किती जणांचं आयुष्य गेलं असेल देव जाणे.

माझे वडील अनगोळहून उद्यमबागच्या फाउंड्रीत सायकलवर जायचे. शिफ्ट सुटली की सायकलींची रांगच लागायची, मजगाव, पिरनवाडी, मच्छेकडं जाणारी. ते कारखाने वस्तीला लागून होते म्हणून ते जमत होतं, कुणी तेव्हा पर्यावरण वगैरे डोक्यात घेऊन सायकल चालवत नव्हतं.

बदल झाला तो मला वाटतं १९९० नंतर. शहरातली जागा महाग झाली. कर्नाटकाच्या १९८७ च्या नगरविकास प्राधिकरण कायद्याखालची बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, इथं लेआउट पाडत होती, रामतीर्थनगर, कणबर्गी, ऑटोनगर ही सगळी वाढ हायवेच्या पलीकडं. आणि बाहेर गावोगाव शेतकऱ्याच्या गुंठ्यांचे प्लॉट पडायला लागले, काही एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी करून, काही नुसत्या बॉन्ड पेपरवर, आणि जाहिरात सगळ्यांची एकच, रोडटच, म्हणजे रस्त्याला लागून. रोडटच म्हटलं की भाव दुप्पट. वेंगुर्ला रोडला हिंडलगा-सुळगा-उचगाव, खानापूर रोडला पिरनवाडी-मच्छे, बागलकोट रोडला सांबऱ्याकडं, हायवेला काकतीकडं, पंजाची बोटं पसरावीत तसं गाव पसरलं आणि बोटांच्या मध्ये शेतं राहिली.

मोठ्या संस्था पण तशाच विखुरल्या. १९९८ ला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, झालं ते मच्छेला, खानापूर रोडवर. २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं ते भुतरामनहट्टीला, अगदी उलट्या दिशेला हायवेवर. २०१२ ला सुवर्णसौध, म्हणजे विधानसभेची इथली इमारत, उभं राहिलं हलग्याला, तिसऱ्या दिशेला, आणि कलेक्टर ऑफिस गावात. आता एका घरात बायको एकीकडं नोकरीला, मुलगा दुसरीकडं कॉलेजला, आणि घर तिसरीकडं असं असेल तर तीन गाड्या लागणारच की, त्यात कुणाचा दोष काढणार.

हायवेचं म्हणाल तर पूर्वी पुणे-बेंगळूर रस्ता गावातनंच जायचा, जुना पी. बी. रोड आपण अजून म्हणतोच. त्यावर गर्दी झाली म्हणून बाहेरनं बायपास झाला, एन एच ४, आता त्याला ४८ नंबर आहे. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, धारवाडकडचा भाग पुढं सहापदरी. आणि झालं काय, बाहेरचा रस्ता आतला झाला. पलीकडं घरं, शाळा आणि बाजार अलीकडं, मोठं हॉस्पिटल हायवेलाच लागून, त्यामुळं लांबचा ट्रक आणि शाळेची रिक्षा एकाच रस्त्यावर. रस्त्याला लागून प्रत्येक प्लॉटचं फाटक उघडलं की तिथं एक गाडी वळते, मागची ब्रेक मारते, आणि असं शंभर ठिकाणी झालं की हायवेची गल्ली होते. हे नवीन नाही, इंग्लंडमध्ये १९३५ सालीच मोठ्या रस्त्यांच्या कडेनं माळ लावल्यासारखी घरं बांधण्यावर खास कायदा करून बंधन घातलं होतं. आपल्याकडं पण राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको असा नियम आहे, कर्नाटकाचा १९६४ चा हायवे कायदा पण आहे. नियम नाहीत असं नाही, पण बांधकाम मागं सरकवलं म्हणून फाटकं थोडीच कमी होतात.

बस का चालत नाही हा प्रश्न पण इथंच येऊन थांबतो. बस चालायला एका थांब्याच्या आसपास पुरेशी माणसं राहायला लागतात. पंचवीस घरांचा लेआउट, मग शेत, मग परत चाळीस घरं, तिथं बस आत जाणार कशी. माझ्या भावानं खानापूर रोडच्या आतल्या बाजूला घर बांधलं, बस मेन रोडवर थांबते, तिथनं दीड किलोमीटर चालायचं, लाईट नाही, म्हणून पोरगी अठराची झाल्या झाल्या स्कूटी घ्यावी लागली. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही, म्हणजे माणसं बसला तयार आहेत, बस दारापर्यंत असली पाहिजे. हुबळी-धारवाडात बीआरटीएसला, म्हणजे जलद बसला, वेगळी लेन दिली, साधारण २२ किलोमीटर, पण तिथं दोन गावं एका सरळ रस्त्यावर आहेत, आपला पंजा पसरलेला, तीच नक्कल इथं बसणार नाही.

केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ च्या जानेवारीत आपलं नाव आलं तेव्हा मला फार आशा होती. रस्ते, फुटपाथ झाले काही भागात, पण ज्या बाहेरच्या लेआउटमधनं रोज गाड्या आत येतात तिथपर्यंत ते काम पोचलंच नाही.

आता बायपास. हलग्याहून मच्छेला, म्हणजे हायवेवरनं थेट गोव्याच्या रस्त्याला, ट्रक गावात येऊ नयेत म्हणून. हेतू समजतो. पण तो जातो शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगावच्या शिवारातनं, जिथं बेळगाव बासमती पिकतो, आणि ज्यांची दोन-तीन एकरं आहेत त्यांच्या पोटावर तो येतो. मला भीती दुसरीच आहे, उरलेल्या शेतात उद्या रोडटच प्लॉट पडले की हा बायपास पण पी. बी. रोडच्याच वाटेनं जाणार.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलंय की जमिनीचा वापर आणि वाहतूक एकत्र आखायची, गाड्या नव्हे तर माणसं हलवायची. आपल्याकडं त्याला धरून करण्यासारखं समोर आहे. देसूर आणि सांबरा, दोन्ही स्टेशनं गावाच्या दोन अंगाला, लाईन जुनीच. बेळगाव-कित्तूर-धारवाड नवीन लाईन मंजूर आहे, तिलाही शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि त्यांचं ऐकूनच ती आखायला पाहिजे. पण जिथं कुठं स्टेशन ठरेल तिथं आधी शाळा, दवाखाना, बसचा थांबा आणि घरं कुठं ते नकाशावर पक्कं करा आणि मगच एनए द्या, म्हणजे भावाच्या पोरीसारख्या पोरीला स्टेशनपर्यंत चालत जाता येईल.